डोंगर कालपासून किती सरकला?

कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला पुराची एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पूर चढत असताना मळीचा काठ सहसा टिकून असतो. काठ ढासळतात ते पूर ओसरताना. लहानपणी हे मी अगदी जवळून पाहिलं. पाणी उतरून दोन दिवस झाले होते, लख्ख ऊन पडलं होतं, आणि काठापासून चार हातांवर उसाच्या सरीत एक भेग दिसत होती. करंगळीही आत जाईना इतकी बारीक. वडिलांनी भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकली, दोन्हींमधलं अंतर वितीनं मोजलं आणि पाण्याची मोटर उचलून मागं नेली. संध्याकाळी ते अंतर चार बोटांनी वाढलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन सऱ्यांसकट तो सगळा तुकडा नदीत बसला.

मोटर वाचली ती त्या दोन खुंट्यांमुळे. आज ज्या यंत्राबद्दल लिहितोय तेही मुळात हेच काम करतं. धरणाच्या जलाशयावर झुकलेल्या एखाद्या डोंगराच्या अंगावर लाखभर खुंट्या ठोकाव्यात आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक खुंटी किती हलली ते मोजावं, असं ते काम आहे. खुंट्या ठोकायला उतारावर कुणाला जावं लागत नाही. यंत्र समोरच्या तीरावर एका शेडमध्ये बसलेलं असतं आणि तिथून मिलिमीटरपर्यंतची हालचाल टिपतं. त्याला जमिनीवरचं रडार म्हणतात. उपग्रहांतही रडार असतात, त्यांच्यापासून वेगळं ओळखू यावं म्हणून हे नाव.

पण आधी पाणी आणि उतार यांचं नातं समजून घेऊ, कारण तेच नीट कळलं नाही म्हणून माणसांनी फार मोठी किंमत मोजली आहे.

पाणी उताराला काय करतं

नदी काठोकाठ भरलेली असते तेव्हा बाहेरचं पाणी काठाला टेकू देत असतं. त्याच वेळी पाणी मातीतही मुरतं. पूर झटकन उतरला की बाहेरचा टेकू जातो, पण आत मुरलेलं पाणी तितक्या घाईनं बाहेर पडू शकत नाही. काठ भिजून जड झालेला असतो, आतून दाब असतो आणि समोर आधार उरलेला नसतो. मग तो बसतो. कच्च्या विहिरीला जोराचा पंप लावून एका दमात उपसा केला की तिची दरड ढासळते, त्यामागचं कारणही हेच.

धरणाचा जलाशय म्हणजे माणसानं दरवर्षी मुद्दाम चढवलेला आणि उतरवलेला पूर. पावसाळ्यात भरायचा आणि पुढं वीज बनवत, पाणी सोडत उन्हाळ्यापर्यंत रिकामा करायचा. उत्तराखंडातल्या टिहरी धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून ७४० ते ८३० मीटरच्या दरम्यान खालीवर होऊ शकते. नव्वद मीटर म्हणजे जवळजवळ तीस मजली इमारत. भागीरथीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांचा इतका पट्टा आलटून पालटून भिजतो आणि निथळतो. चीनच्या थ्री गॉर्जेस जलाशयात हा फरक दरवर्षी तीस मीटरचा असतो.

पाणी चढतानाही धोका असतोच, तो वेगळ्या तऱ्हेचा. डोंगराच्या उताराचा पायथा हा वरच्या भागाला अडवून धरणारा ठोकळा असतो, आणि तो जड असणं गरजेचं असतं. आता विहिरीतून पोहरा ओढताना काय होतं ते आठवा. भरलेला पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो, पाण्याबाहेर आला की हाताला ओढ बसते. जलाशय भरला की पायथ्याचं नेमकं हेच होतं. तो पाण्यात बुडतो, हलका होतो आणि वरच्याला अडवायची त्याची ताकद घटते. शिवाय खडकाच्या थरांमध्ये एखादी मऊ चिकणमातीची पट्टी असेल तर तिच्यात शिरलेलं पाणी वरच्या थराला आतून उचलून धरतं, आणि थरांमधलं घर्षण कमी होतं.

थ्री गॉर्जेस जून २००३ मध्ये पहिल्यांदा १३५ मीटर पातळीपर्यंत भरलं. त्यानंतर महिनाभरात, १३ जुलैला, यांगत्सेच्या एका उपनदीवर च्यानजियांगपिंग इथं सुमारे २ कोटी ४० लाख घनमीटरचा उतार घसरून पाण्यात आला आणि २४ माणसं गेली.

वायोंत

या विषयावर कुणीही बोलायला बसलं की इटलीतल्या वायोंतपाशी थांबावंच लागतं. मीही इथं जरा जास्त थांबणार आहे.

आल्प्सच्या पूर्वभागात एका अरुंद घळीत वायोंत धरण बांधलं गेलं. उंची २६१.६ मीटर, त्या काळी जगातल्या सगळ्यात उंच धरणांपैकी एक. जलाशयाच्या डाव्या तीरावर मोंते तोक नावाचा डोंगर. १९६० मध्ये पाणी भरायला सुरुवात झाली आणि डोंगर हलू लागला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला सुमारे सात लाख घनमीटरची दरड पाण्यात कोसळली आणि वर डोंगरावर जवळपास दोन किलोमीटर लांबीची, इंग्रजी एम अक्षरासारखी भेग उघडली. म्हणजे एवढा अख्खा तुकडा एकसंध सुटू पाहत होता. एदोआर्दो सेमेंझा या तरुण भूवैज्ञानिकानं तर तिथं फार जुनी, प्रचंड दरड आधीपासूनच असल्याचं ओळखलं होतं. धरणाचे रचनाकार कार्लो सेमेंझा हे त्याचे वडील.

अभियंत्यांना हालचाल दिसत नव्हती असं अजिबात नाही. डोंगरावर खुणेचे खांब बसवले होते आणि त्यांची मोजणी नेमानं होत होती. पाणी चढवलं की वेग वाढतो, दिवसाला तीन सेंटिमीटरच्या वर जातो, आणि पाणी उतरवलं की दिवसाला मिलिमीटरवर येतो, हे त्यांच्या वह्यांत नोंदलेलं होतं. त्यावरून त्यांची समजूत झाली की पाण्याची पातळी हा आपल्या हातातला नळ आहे, तो खालीवर करून डोंगराला हळूहळू, सावकाश खाली आणता येईल. दरड पाण्यात पडली तर लाट किती उठेल हे पाहायला छोटी प्रतिकृती करून प्रयोगही झाले. त्यांतून निष्कर्ष निघाला की समुद्रसपाटीपासून ७०० मीटरची पातळी सुरक्षित आहे. प्रयोगात धरलेली दरड ४ कोटी घनमीटरची होती.

१९६३ च्या सप्टेंबरात पाणी ७१० मीटरपर्यंत चढलं. वेग पुन्हा वाढला. महिन्याच्या शेवटी पातळी उतरवायला घेतली, पण या वेळी डोंगर ऐकेना. पाणी उतरत होतं तरी वेग वाढतच गेला. शेवटच्या दिवशी तो चोवीस तासांना वीस सेंटिमीटरच्या घरात होता. ९ ऑक्टोबर १९६३, रात्री १० वाजून ३९ मिनिटं. खाली लोंगारोने गावात फुटबॉलचा सामना बघायला लोक टीव्ही असलेल्या हॉटेलांत जमले होते. मोंते तोकचा सुमारे २७ कोटी घनमीटरचा भाग मिनिटभराच्या आत जलाशयात उतरला. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. पाणी समोरच्या डोंगरावर दोनशे मीटरच्या वर चढलं, धरणावरून उसळलं आणि लोंगारोनेवर पडलं. एकोणीसशेच्या वर माणसं गेली. त्या क्षणी जलाशयाची पातळी ७०० मीटर होती. धरण जागेवर उभं राहिलं आणि आजही उभं आहे.

वायोंतची कथा "मोजमापं नव्हती म्हणून घात झाला" अशी सांगितली जाते तेव्हा मला ते पटत नाही. मोजमापं होती. पण ती मोजक्या ठिपक्यांवरची होती. या खांबाजवळ एवढं सरकलं, त्या खांबाजवळ तेवढं, एवढंच त्यांतून कळत होतं. सरकणारा तुकडा नेमका कुठं सुरू होतो, कुठं संपतो, सगळा एकत्र हलतोय की सुटे भाग वेगवेगळे हलतायत, यावर शेवटपर्यंत मतभेद राहिले. आणि जे ४ कोटी धरलं होतं ते २७ कोटी निघालं. जमिनीवरचं रडार सगळ्यात आधी जे देतं ते हेच, पूर्ण उताराचं एक चित्र. कुठला भाग हलतोय तो एका रंगात, कुठला स्थिर आहे तो दुसऱ्या. कडा स्पष्ट दिसल्या की क्षेत्रफळ कळतं, आणि क्षेत्रफळ कळलं की खोलीचा आणि आकारमानाचा अंदाज बांधायला काहीतरी भक्कम हाती येतं.

घड्याळाचा काटा

आता हे रडार मिलिमीटर कसं मोजतं ते पाहू. रडार रेडिओ लहर सोडतं, ती डोंगरावर आपटून परत येते. जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढता येतं, पण त्यातून फार तर अर्ध्या मीटरपर्यंतचा बारकावा मिळतो. मिलिमीटरसाठी वेगळी युक्ती लागते.

या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच रडारांची लहर साधारण १७ मिलिमीटर लांबीची असते. लहर म्हणजे चढ-उतार, चढ-उतार. परत येणारी लहर यंत्रापाशी पोहोचते तेव्हा ती चढाच्या टोकावर आहे, उताराच्या तळाशी आहे की मध्ये कुठं आहे, हे फार अचूक कळतं. घड्याळाचा मिनिटकाटा कुठं आहे तसंच हे. समजा सकाळी आठ वाजता डोंगरावरच्या एका खडकाकडून आलेल्या लहरीचा काटा बारावर होता. आठ वाजून पाच मिनिटांनी तोच खडक एक मिलिमीटर रडारकडे सरकला. लहरीला जाताना एक आणि येताना एक असे दोन मिलिमीटर कमी चालावे लागले. सतरातले दोन म्हणजे काटा जवळपास सात मिनिटांइतका फिरला. घड्याळात सात मिनिटांचा फरक कुणालाही दिसतो. म्हणून एक मिलिमीटर दिसतो, आणि हवा स्थिर असेल तर त्याहून कमीही.

या युक्तीत एक खोच आहे. काटा कुठं आहे एवढंच कळतं, त्यानं किती फेरे मारले ते कळत नाही. दोन पाहण्यांच्या मध्ये खडक चार-सव्वाचार मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला तर काटा अर्ध्या फेरीच्या पुढं जातो, आणि मग तो पुढून आला की मागून, हे सांगता येत नाही. उपाय साधा आहे, पुन्हा पुन्हा पाहायचं. दर पाच मिनिटांनी पाहिलं तर तासाला पाच सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला मीटरभर वेगापर्यंत घोटाळा होत नाही. वायोंतचा शेवटचा वेग यात आरामात बसला असता.

उपग्रहाचं रडारही याच तत्त्वावर चालतं, पण तो त्याच जागी काही दिवसांनी परत येतो. वर्षाला काही सेंटिमीटर सरकणारे डोंगर हेरायला तो उत्तम, आज रात्री गाव रिकामं करायचं का हे सांगायला निरुपयोगी.

यंत्र प्रत्यक्षात दिसतं कसं? काँक्रीटच्या ओट्यावर दोनेक मीटर लांबीचा रूळ घट्ट बसवलेला असतो. रुळावर एक छोटा गाडा, गाड्यावर दोन अँटेना, एक लहर सोडणारी आणि एक झेलणारी. गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतो, मध्ये ठरावीक अंतरावर लहर सोडत जातो, आणि पुन्हा मूळ जागी येतो. दिवसरात्र हेच. रूळ कशाला हवा? एका जागी बसलेल्या लहान अँटेनाला अंतर कळतं पण दिशा धड कळत नाही, जसं अंधारात ऐकू आलेल्या हाकेची दिशा उभ्या जागी कळत नाही आणि आपण मान इकडेतिकडे वळवून कानोसा घेतो. दोन मीटरभर ठिकठिकाणाहून घेतलेले कानोसे गणितानं एकत्र केले की दोन मीटरच्या मोठ्या अँटेनाइतकी नजर मिळते. एक किलोमीटरवरच्या डोंगराचे मग साधारण अर्धा मीटर बाय साडेचार मीटरचे तुकडे वेगळे दिसतात. पाचशे मीटर रुंद आणि तितक्याच उंच उतारावर असे लाखभर तुकडे. सुरुवातीला ज्या लाखभर खुंट्या म्हटलं त्या ह्या.

रडार कुठं फसतं

जलाशयावरची हवा हा या यंत्राचा सगळ्यात मोठा त्रास. दमट हवेतून लहर किंचित सावकाश जाते. वीस अंश तापमानात हवेतली आर्द्रता नुसती एक टक्का बदलली तरी किलोमीटरभर अंतरावरचा खडक एक मिलिमीटर सरकल्यासारखा दिसतो. आता विचार करा, पहाटे पाण्यावर धुकं, दुपारी ऊन, संध्याकाळी वारा. डोंगर जागचा न हलताही आकडे नाचत राहतात. म्हणून उताराच्या बाहेरचे, नक्की स्थिर असलेले खडक आधी निवडून ठेवतात. ते "सरकले" असं दिसलं की ती हवेची करामत समजायची आणि तेवढा फरक सगळ्या चित्रातून वजा करायचा. हे वजाबाकीचं काम नीट झालं नाही तर रडारचा आकडा विश्वासाचा राहत नाही. माझ्या मते यंत्रापेक्षा या कामाला बसणारा माणूस महत्त्वाचा.

दुसरा त्रास झाडांचा. १७ मिलिमीटरची लहर पानांवरूनच परतते, आणि पान वाऱ्यानं प्रत्येक क्षणी वेगळ्या जागी असतं. काटा मग वाटेल तिथं दिसतो. उघडा खडक, दगडांचा खच, बांधकाम यांच्यावर हे रडार उत्तम चालतं. दाट जंगलावर जवळजवळ आंधळं होतं. तिथं पत्र्याचे तीन-कोनी परावर्तक उतारावर रोवून काम भागवतात, पण मग पुन्हा मोजक्या ठिपक्यांवर येतो. साचलेल्या बर्फाचंही असंच.

तिसरी मर्यादा दिशेची. रडारला आपल्याकडे येणारी किंवा आपल्यापासून दूर जाणारी हालचालच कळते. डोंगर त्याच्यासमोरून आडवा सरकला तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून जागा निवडताना दरड ज्या दिशेनं घसरेल त्या दिशेच्या समोर यंत्र यावं लागतं. जलाशयाच्या बाबतीत हे बरं जमतं, कारण दरड पाण्याकडे येते आणि समोरचा तीर नेमका समोर असतो.

आणि पोटात काय चाललंय ते रडारला दिसत नाही. त्यासाठी डोंगरात बोअर घेऊन आतल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं हवीतच, बोअरची नळी कुठल्या खोलीवर वाकतेय ते पाहणारी हवीत, पर्जन्यमापक हवा. रडार या सगळ्यांच्या जागी येत नाही, सोबत येतं.

वेगाचा वेग

आकडे हाती आले, पुढं काय? डोंगर सरकतोय म्हणजे लगेच कोसळणार असं नसतं. शेकडो वर्षं सावकाश सरकणारे डोंगर आहेत. पाहायचं असतं ते हे की वेग वाढतोय का, आणि कसा वाढतोय.

जपानच्या फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये यासाठी एक सोपी रीत मांडली. वेग किती हे विचारण्याऐवजी उलटं विचारायचं, एक सेंटिमीटर सरकायला किती वेळ लागला? समजा सोमवारी चोवीस तास लागले, मंगळवारी अठरा, बुधवारी बारा. कागदावर हे ठिपके मांडून पट्टी लावली तर रेघ शुक्रवारी शून्यावर येते. शून्य तास म्हणजे डोंगर सुटण्याची वेळ. खरे डोंगर इतके शिस्तीत वागत नाहीत, पाऊस आला की रेघ वाकडी होते, पाणी उतरवलं की ती वर वळते. तरीही कोसळण्याआधीच्या काही दिवसांत ही रेघ बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतकं खरं सांगते. वायोंतचे जुने आकडे नंतर या रीतीनं मांडले गेले तेव्हा रेघ खाली येताना स्पष्ट दिसली.

रडारची खरी ताकद इथं आहे. आठवड्यातून एकदा मोजलं तर दोन-तीन ठिपके मिळतात आणि त्यावर गाव रिकामं करायचा धीर कुणाला होत नाही. दर पाच मिनिटांनी मोजलं की रेघ डोळ्यांसमोर तयार होत जाते.

आधी ठरवलेला आकडा

इटलीच्या आओस्ता खोऱ्यात बोरगार नावाचं जलविद्युत धरण आहे. १३२ मीटर उंच. त्याच्या डाव्या अंगाचा अख्खा डोंगर फार खोलवरून, फार सावकाश खाली येत होता आणि धरणाच्या भिंतीलाच दाबत होता. १९६९ मध्येच तिथली पाण्याची पातळी बांधून दिली गेली, म्हणजे धरण बांधूनही ते पुरतं भरता आलं नाही. २००८ मध्ये तिथं जमिनीवरचं रडार लावलं गेलं आणि उताराचा कुठला भाग किती हलतो याचं सलग चित्र मिळू लागलं. पुढं या धरणाचा वरचा सुमारे ५० मीटरचा भाग पाडून टाकला. स्वतः बांधलेली भिंत स्वतःच्या हातानं उतरवणं सोपं नसतं, आणि मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

दुसरं उदाहरण जलाशयाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॉर्वेत वेस्लेमानेन नावाचा सुटलेला कडा होता, खाली दरीत वस्ती. २०१४ पासून रडार त्याच्यावर रोखलेलं होतं. वेग ठरावीक आकड्याच्या वर गेला की धोक्याची पातळी वाढवायची आणि खालच्या घरांतल्या लोकांनी निघायचं, हे आधीच ठरलेलं. पाच वर्षांत ती घरं सोळा वेळा रिकामी केली गेली. पंधरा वेळा लोक परतले, कडा तिथंच होता. ५ सप्टेंबर २०१९ ला तो कोसळला तेव्हा खाली कुणी नव्हतं. पंधरा वेळा सामान बांधून निघालेल्या माणसांचा सोळाव्यांदाही विश्वास टिकला, कारण प्रत्येक वेळी त्यांना आकडे दाखवले जात होते आणि नियम बदलत नव्हता.

वायोंतला हेच नव्हतं. ८ ऑक्टोबरला डोंगरावरच्या लोकांना हलवायचा हुकूम निघाला होता. खाली लोंगारोनेला उठवायचं कुणाच्या वाट्याचं काम नव्हतं. किती वेगाला काय करायचं हे कागदावर नव्हतं.

आणि कोसळायची वाट बघत बसणं एवढंच हाती असतं असंही नाही. न्यूझीलंडच्या क्लाइड धरणाच्या वेळी जलाशयाकाठचे उतार धोकादायक निघाले तेव्हा डोंगरांच्या पोटात सुमारे १८ किलोमीटर लांबीचे बोगदे खोदून आतलं पाणी काढून टाकलं गेलं, आणि मगच धरण भरलं. आतलं पाणी काढणं हा सरकत्या डोंगरावरचा सगळ्यात खात्रीचा इलाज. तो लागू पडतोय की नाही, हे नंतर वेग मोजूनच कळतं.

आपल्याकडे

हिमालयात या यंत्राला खरं काम आहे. तिथले बरेच उतार उघडे आहेत, जलविद्युत प्रकल्प एकापाठोपाठ एक आहेत, आणि सिक्कीममध्ये २०२३ साली काय झालं ते आपण पाहिलं. ३ ऑक्टोबरच्या रात्री दक्षिण ल्होनाक या हिमनदीच्या तलावात काठावरचा गोट्यामातीचा उतार, जवळपास दीड कोटी घनमीटर, घसरून पडला. वीस मीटरची लाट उठली, तलावाचा बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं तीस्ता-३ चं धरण वाहून गेलं. तो उतार आधी काही वर्षं सरकत असल्याचं उपग्रहांच्या चित्रांत दिसत होतं. वायोंतचीच घडण, साठ वर्षांनी. हे यंत्र भारतात नवंही नाही. उघड्या कोळसा खाणींमध्ये कडे कोसळण्याची सूचना मिळावी म्हणून अशी रडार वापरली जातात.

सह्याद्रीचं मात्र वेगळं आहे आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. माळीण डिंभे धरणाच्या पाणलोटातलं गाव, ३० जुलै २०१४ ला १५१ माणसं गेली. इर्शाळवाडी मोरबे धरणाच्या जवळ, १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण सापडलेच नाहीत. कोयनेच्या परिसरात पाटण तालुक्यातल्या मिरगाव, ढोकावळे, आंबेघर इथं जुलै २०२१ मध्ये असंच झालं. जवळ धरण आहे म्हणून धरणानं दरड आणली असं म्हणणं चुकीचं ठरेल. या दरडी पावसाच्या होत्या. दोन-तीन दिवस अतोनात पाऊस पडला, खडकावरची माती पाण्यानं फुगली आणि चिखल होऊन काही क्षणांत खाली आली. अशी दरड महिनोन्महिने मिलिमीटरनं सरकून सूचना देईलच असं नाही. शिवाय पावसाळ्यात आपले डोंगर हिरवेगार, आणि पानांपुढं १७ मिलिमीटरची लहर हतबल. प्रत्येक वाडीच्या डोक्यावर रडार बसवा ही मागणी मी ऐकली आहे. तळमळ समजते, पण त्यातून खोटा दिलासा मिळेल.

रडार आपल्याकडे शोभेल ते धरणाच्या दोन्ही अंगांच्या कापलेल्या खडकावर, सांडव्याच्या वरच्या कड्यावर, घाटरस्त्याच्या उघड्या कापावर. झाडीच्या उतारांसाठी लांब लहरीची गरज आहे, जी पानांतून आरपार जाऊन जमिनीपर्यंत पोहोचते. ३० जुलै २०२५ ला, माळीणच्या बरोबर अकराव्या वर्षी, इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या एका रडारची लहर २४ सेंटिमीटरची आहे आणि तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. तो एका रात्रीची सूचना देणार नाही. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवतीचा कुठला उतार वर्षभर हळूच खाली येतोय, हे शोधायला तो उपयोगी पडेल. तो उतार सापडला की तिथं परावर्तक रोवा, बोअर घ्या, पर्जन्यमापक ठेवा, आणि गरज असेल तर समोरच्या तीरावर रडार आणून बसवा.

तोवर डोंगरउतारावरच्या गावात हे करता येतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी गावावरच्या माळावर एक फेरी मारायची. उताराला आडवी, म्हणजे डोंगराच्या कडेला समांतर जाणारी भेग दिसली तर तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी सळ्या ठोकायच्या, मधलं अंतर टेपनं मोजून तारखेसह वहीत लिहायचं. झाडं, विजेचे खांब नव्यानं कललेत का पाहायचं. घराच्या भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं आडवी चिकटवायची, भिंत हलली तर काच तडकते. झरा एकाएकी गढूळ झाला, आटला किंवा नवीन जागी फुटला तर तेही लिहायचं. आठवड्यातून एकदा मोजायचं, मोठ्या पावसात सकाळ-संध्याकाळ. अंतर वाढत असेल तर वहीचा फोटो तलाठ्याला आणि तहसीलदारांना पाठवायचा, आणि रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा जास्त होऊ लागली तर उत्तराची वाट न बघता त्या उताराखालून निघायचं. कुठं जायचं, म्हाताऱ्यांना कुणी न्यायचं, गुरं कुणी सोडायची, हे मे महिन्यातच ठरवून ठेवायचं.